जुन्या व्हीसीआरचा संग्रह व दुरुस्ती : ‘मूळ’ या मूल्याची चिकित्सा

प्रस्तावना

जपानमधील फुनाई इलेक्ट्रिक या कंपनीने जुलै २०१६ मध्ये घरगुती व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डरचे, म्हणजेच व्हीसीआरचे उत्पादन थांबविले. व्हीसीआर तयार करणारी ती जगातील अखेरची ज्ञात कंपनी होती. आदल्या वर्षी तिची सुमारे साडेसात लाख यंत्रे विकली गेली होती; तरीही घटती मागणी आणि सुटे भाग मिळण्यातील वाढत्या अडचणी यांमुळे हा निर्णय घेणे तिला भाग पडले. त्या महिन्यापासून जगातील व्हीसीआरची संख्या केवळ घटू शकते, वाढू शकत नाही. घराघरांतील कपाटांत, ग्रंथालयांत आणि संस्थांच्या अडगळीत पडून असलेल्या चित्रफिती मात्र अद्याप मोठ्या प्रमाणावर वाचल्या जावयाच्या आहेत.

या परिस्थितीत जुने व्हीसीआर शोधणे, जमविणे आणि दुरुस्त करणे हा छंद एका वेगळ्या अर्थाने महत्त्वाचा ठरतो. नाणी, तिकिटे किंवा घड्याळे यांच्या संग्रहाप्रमाणेच या छंदाकडे पाहिले जाते आणि त्यातील मूल्यविचारही तेथूनच उसना घेतला जातो. यंत्र किती जुने, किती दुर्मीळ, किती अस्पर्श आणि किती ‘मूळ’ अवस्थेत आहे यांवर त्याची प्रतिष्ठा ठरते. प्रस्तुत लेखात या मूल्यविचाराची चिकित्सा करावयाची आहे. व्हीसीआरच्या बाबतीत ‘मूळ’ म्हणजे नेमके काय, ते यंत्राच्या कोणत्या भागात वसते, आणि दुरुस्तीमुळे ते नष्ट होते की प्रकट होते, हे या चिकित्सेतील मुख्य प्रश्न आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

चित्र फितीवर नोंदविण्याचे व्यवहार्य तंत्र अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने १९५६ मध्ये जगासमोर आणले. दोन इंच रुंदीच्या फितीवर वेगाने फिरणारी चार हेड्स आडव्या दिशेने चित्र नोंदवीत. हे यंत्र दूरदर्शन केंद्रांसाठी होते. त्याचा आकार आणि किंमत घराच्या आवाक्याबाहेरची होती. पुढील दीड दशकात फीत एका तिरप्या नळकांड्याभोवती, म्हणजे ड्रमभोवती, गुंडाळून तिच्यावर लांब तिरकस रेषांत चित्र नोंदविण्याची पद्धत रुळली. सोनीचे यू-मॅटिक १९७१ मध्ये आले आणि फीत कॅसेटमध्ये बंद झाली. परंतु हे यंत्र मुख्यतः संस्था व वृत्तसंकलन यांच्याच उपयोगाचे ठरले. फिलिप्सने १९७२ मध्ये बाजारात आणलेल्या एन-१५०० या यंत्रात दूरचित्रवाणीचे संकेत पकडणारा ट्यूनर आणि ठरावीक वेळी नोंद सुरू करणारे घड्याळ या दोन्ही सोयी होत्या. घरगुती व्हीसीआरची कल्पना येथे प्रथम पूर्ण स्वरूपात दिसते.

त्यानंतरचा इतिहास सर्वपरिचित आहे. सोनीचे बीटामॅक्स १९७५ मध्ये आले. त्याच वर्षी अमेरिकेत त्याचे पहिले रूप लाकडी कपाटात बसविलेल्या १९ इंची रंगीत दूरचित्रवाणी संचासह विकले गेले. आज ते संग्राहकांच्या विशेष आवडीचे आहे. जेव्हीसीने सप्टेंबर १९७६ मध्ये व्हीएचएस पद्धतीचे एचआर-३३०० हे यंत्र जाहीर केले. बीटामॅक्सच्या कॅसेटवर आरंभी एक तासाची, तर व्हीएचएसच्या कॅसेटवर दोन तासांची नोंद होत असे. संपूर्ण चित्रपट एका कॅसेटमध्ये मावणे ही बाब बाजारपेठेत निर्णायक ठरणाऱ्या कारणांपैकी एक होती. फिलिप्स आणि ग्रुंडिग यांनी १९७९ मध्ये आणलेली व्हिडिओ २००० ही पद्धत तांत्रिकदृष्ट्या कल्पक होती. तिची कॅसेट ध्वनिफितीप्रमाणे दोन्ही बाजूंनी वापरता येई. पण उशिरा आलेल्या या पद्धतीला बाजारात पाय रोवता आले नाहीत. सोनीने १९८८ मध्ये स्वतःच व्हीएचएस यंत्रे विकण्यास सुरुवात केली आणि या स्पर्धेचा निकाल औपचारिकपणे मान्य केला.

संग्रहाच्या जगात हा निकाल उलटा झालेला आढळतो. बाजारात हरलेल्या पद्धतींची यंत्रे संग्राहकांना अधिक प्रिय असतात आणि कोट्यवधींनी खपलेले साधे व्हीएचएस यंत्र भंगारात जाते. पराभूताविषयीचा हा जिव्हाळा मानवी स्वभावाला धरूनच आहे. परंतु त्याचा एक परिणाम दुर्लक्षिण्यासारखा नाही. ज्या पद्धतीत जगातील बहुसंख्य कौटुंबिक नोंदी आहेत, तिचीच यंत्रे जपण्यास अपात्र समजली जातात.

भारतीय आणि मराठी संदर्भ

भारतात १९८२ मध्ये दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि त्याच वर्षी दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. त्या सुमारास परदेशांतून, विशेषतः आखाती देशांतून, आलेल्या सामानात व्हीसीआर दिसू लागला. स्वतःचे यंत्र घेणे बहुतेकांना परवडत नसे. म्हणून एका रात्रीसाठी रंगीत दूरचित्रवाणी संच आणि व्हीसीआर भाड्याने आणावयाचा, चाळीच्या व्हरांड्यात किंवा वाड्याच्या चौकात मांडावयाचा आणि पहाटेपर्यंत ओळीने तीन चित्रपट पाहावयाचे, ही रीत रूढ झाली. दूरचित्रवाणीवरील बातम्यांचे क्षेत्र शासनाच्या हाती असताना १९८८ मध्ये ‘न्यूजट्रॅक’ हे व्हिडिओ मासिक कॅसेटच्या रूपाने वितरित होऊ लागले. भारतातील खाजगी चित्रवृत्ताचा आरंभ अशा रीतीने प्रक्षेपणावर न होता फितीवर झाला.

याहून महत्त्वाचा साठा घरगुती आहे. लग्न, मुंज, डोहाळेजेवण, एकसष्टी अशा प्रसंगांचे चित्रण ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून मध्यमवर्गीय मराठी घरांत होऊ लागले. त्या फितींत आज हयात नसलेल्या माणसांचे चालणे-बोलणे, उखाणे घेताना अडखळलेले आवाज, पंगतीतील आग्रह आणि बोलीतील लकबी नोंदल्या गेल्या आहेत. छायाचित्रांच्या अल्बमला यांपैकी काहीही साधत नाही. यांतील बहुतेक कॅसेटींची दुसरी प्रत कोठेही नाही. कोकणातील व मुंबईतील दमट हवेत त्यांवर पांढरी बुरशी चढते. अशी कॅसेट न तपासता यंत्रात घातली तर बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या कॅसेटपर्यंत पोहोचते. अमेरिकेतील नातेवाइकांनी पाठविलेल्या कॅसेटींचा प्रश्न आणखी निराळा होता. तेथील एनटीएससी पद्धतीची नोंद भारतातील पाल पद्धतीच्या साध्या यंत्रावर नीट दिसत नसे. दोन्ही पद्धती चालविणारे यंत्र ज्याच्याकडे असे, त्याच्या घरी नातवंडांचा वाढदिवस पाहण्यासाठी शेजारीपाजारी जमत. ‘कोणते यंत्र जपावे’ या प्रश्नाचे उत्तर शोधताना हा संदर्भ नजरेआड करता येत नाही.

संग्राहकाची दृष्टी आणि तिची मर्यादा

जर्मन विचारवंत वॉल्टर बेंजामिन यांनी १९३१ मध्ये आपल्या ग्रंथसंग्रहाविषयी लिहिताना संग्राहकाच्या वृत्तीचे मार्मिक विश्लेषण केले आहे. संग्राहकाच्या हाती आलेली वस्तू तिच्या उपयुक्ततेच्या बंधनातून सुटते आणि तिच्या भूतकाळासह, मालकीच्या परंपरेसह एका नव्या नात्यात येते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. हे विवेचन ग्रंथांना लागू पडते, कारण न वाचलेला ग्रंथसुद्धा कधीही उघडून वाचता येतो. त्याला वाचण्यासाठी डोळ्यांव्यतिरिक्त दुसरे साधन लागत नाही.

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे उदाहरण येथे उपयुक्त ठरेल. कवी ‘अज्ञातवासी’ म्हणजेच दिनकर गंगाधर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, भांडी, वाद्ये अशा नित्याच्या वापरातील वस्तू आयुष्यभर हिंडून जमविल्या. काचेच्या कपाटातील अडकित्ता सुपारी कातरीत नसला तरी त्याचे कार्य त्याच्या आकारातच दिसते. पाते, बिजागरी आणि मूठ पाहताच पाहणाऱ्याला त्याचा उपयोग उमगतो. वस्तू स्थिर असतानाही वाचता येते. म्हणून तेथे ‘आहे तसे जपणे’ हे धोरण सार्थ ठरते.

व्हीसीआर याला अपवाद आहे. बंद व्हीसीआर म्हणजे एक काळी अथवा चंदेरी पेटी. तिच्या आकारात तिचे कार्य दिसत नाही. पाल पद्धतीच्या व्हीएचएस यंत्रात ६२ मिलिमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला १,५०० फेरे घेतो. फीत सेकंदाला अवघे २३.३९ मिलिमीटर सरकते. परंतु ड्रमवरील हेड तिच्यावरून सेकंदाला सुमारे पावणेपाच मीटर वेगाने धावते आणि माणसाच्या केसाहूनही बारीक, सुमारे ४९ मायक्रॉन रुंदीच्या तिरकस रेषा वाचते. दोन वेगांचा हा मेळ म्हणजेच व्हीसीआर. तो चालू असतानाच अस्तित्वात असतो आणि वीज बंद होताच नाहीसा होतो. म्हणून खोक्यातून कधीही न काढलेले यंत्र हे व्हीसीआरचे सर्वांत शुद्ध उदाहरण आहे, असे मानणे तर्काला धरून नाही. ते व्हीसीआरच्या बाह्यरूपाचे शुद्ध उदाहरण आहे, एवढेच म्हणता येईल.

शिवाय अस्पर्श ठेवल्याने यंत्र टिकते ही समजूतही वस्तुस्थितीला धरून नाही. रबरी पट्टे वापराविना कडक होतात किंवा डांबरासारखे चिकट होऊन पसरतात. गिअरवरील वंगण मेणाप्रमाणे घट्ट होते. विद्युतपुरवठा विभागातील कपॅसिटरमधील द्राव सुकतो अथवा गळून सर्किट बोर्डावरील तांबे खातो. प्लास्टिकची दातेरी चाके तडकतात. खोक्यावरील मोहोर शाबूत असतानाच आतले यंत्र निकामी झालेले असू शकते. न वापरलेले जुने यंत्र प्रथमच वीज जोडून सुरू करणे म्हणूनच धोक्याचे मानले जाते. ‘हात न लावणे’ हा जतनाचा मार्ग नसून विनाशाचा संथ मार्ग आहे, हा या क्षेत्रातील अनुभव संग्राहकांच्या मूल्यविचारात अद्याप पुरेसा उतरलेला नाही.

दुरुस्ती : एक वाचनप्रक्रिया

जाणकार दुरुस्तीकार यंत्र उघडण्यापूर्वी चित्र पाहतो. पडद्यावर सर्वत्र मुंग्या दिसत असतील तर हेड मळलेले किंवा झिजलेले असण्याचा संभव असतो. चित्र एकाआड एक लुकलुकत असेल तर दोन हेडपैकी एकच वाचत आहे, असा अर्थ निघतो. मुंग्यांचा पट्टा चित्राच्या वरच्या भागात असेल तर फीत ड्रमवर ज्या बाजूने चढते त्या बाजूचा मार्गदर्शक रूळ जागेवरून हललेला असतो. तो खालच्या भागात असेल तर उतरणाऱ्या बाजूचा. कॅसेट बाहेर काढताना फीत आत गुंतून राहिली तर ती ओढून घेणाऱ्या चाकाचे रबर गुळगुळीत झाल्याची शक्यता प्रथम तपासली जाते. अशा रीतीने चित्रातील दोषाच्या जागेवरून यंत्रातील दोषाची जागा ओळखता येते. पाठभेदांवरून पोथीच्या लेखनपरंपरेचा माग काढणाऱ्या संपादकाची पद्धत आणि ही पद्धत यांत मूलतः फरक नाही.

या वाचनाला हाताच्या शिस्तीची जोड लागते. हेड स्वच्छ करताना अल्कोहोलमध्ये भिजविलेले मऊ चामडे ड्रमला आडवे टेकवून ड्रम हाताने हळू फिरविला जातो; चामडे वर-खाली घासले तर हेडचे नाजूक टोक तुटते आणि यंत्र कायमचे आंधळे होते. सुरुवातीच्या व्हीएचएस यंत्रांत कॅसेटच्या मध्यभागी एक लहान दिवा शिरतो. फितीच्या दोन्ही टोकांना पारदर्शक तुकडा असतो. त्यातून दिव्याचा प्रकाश बाजूच्या संवेदकावर पडला की फीत संपली हे यंत्राला कळते. हा दिवा उडाला तर यंत्र सुरक्षिततेखातर काहीही करण्यास नकार देते. वरचे झाकण काढून प्रखर उजेडात काम करणाऱ्या नवशिक्यालाही असाच नकार मिळतो, कारण बाहेरचा प्रकाश संवेदकांना फसवितो. यंत्र बिघडले आहे की केवळ सावध आहे, हा विवेक पुस्तकापेक्षा अनुभवातून येतो. मात्र अशा अनुभवाची लेखी नोंद फारच थोडी होते. दुकान बंद झाले की ज्ञानही त्याबरोबर जाते.

‘मूळ’ या मूल्यातील पेच

दुरुस्तीविषयी संग्राहकांचा मुख्य आक्षेप असा असतो की, बदललेला पट्टा, नवा कपॅसिटर, जुन्या दिव्याऐवजी बसविलेला नवा प्रकाशस्रोत यांमुळे यंत्र ‘मूळ’ राहत नाही. या आक्षेपामागे पाश्चात्त्य वास्तुजतनाची एक मोठी परंपरा आहे. जॉन रस्किन यांनी १८४९ मध्ये वास्तूंच्या पुनर्रचनेला कडाडून विरोध केला. १९६४ च्या व्हेनिस सनदेने नवा भाग मूळ भागापासून ओळखता आला पाहिजे, असा दंडक घातला. मूळ द्रव्य हे इतिहासाचे साक्षीदार आहे, ही त्यामागील धारणा होय.

भारतीय परंपरेतील जीर्णोद्धाराची कल्पना निराळी आहे. जीर्ण झालेली वास्तू वा भंगलेली मूर्ती विधिपूर्वक बदलता येते. पूजा चालू राहणे महत्त्वाचे असते आणि द्रव्य बदलले तरी देवस्थान तेच राहते. व्हीसीआरला ही दृष्टी अधिक मानवते. यंत्राचे काम चालू राहणे ही त्याची पूजा होय. परंतु जीर्णोद्धाराचेही दोष महाराष्ट्राला परिचित आहेत. जुन्या देवळांच्या नूतनीकरणात शिलालेखांवर तैलरंग चढल्याची उदाहरणे दुर्मीळ नाहीत. चालू राहण्याच्या आग्रहात साक्ष पुसली जाण्याचा धोका असतोच. त्यामुळे या दोन दृष्टींपैकी एकीची सरळ निवड करून प्रश्न सुटत नाही.

व्हीसीआरच्या बाबतीत हा पेच एका ठिकाणी विशेष तीव्र होतो. सर्व व्हीएचएस यंत्रांना एकमेकांच्या कॅसेटी वाचता याव्यात म्हणून ड्रम, रूळ आणि हेड यांची स्थाने एका सामायिक मानकानुसार ठरलेली असतात. ही स्थाने तपासण्यासाठी कारखान्यात तयार केलेली प्रमाण फीत वापरली जाते. समजा, एखाद्या घरातील यंत्राचा रूळ पहिल्या वर्षीच किंचित हलला आणि पुढील दहा वर्षे त्याच यंत्रावर घरातील नोंदी झाल्या. त्या सर्व नोंदींतील रेषा किंचित वाकड्या पडतील. त्याच यंत्रावर त्या उत्तम दिसतील, कारण लिहिणाऱ्याचा आणि वाचणाऱ्याचा दोष एकच आहे. दुसऱ्या, निर्दोष यंत्रावर मात्र त्यांत मुंग्यांचा पट्टा येईल. आता दुरुस्तीकाराने प्रमाण फितीच्या आधारे ते यंत्र नीट केले तर ते जगातील सर्व कॅसेटी वाचू लागेल आणि स्वतःच्या घरच्या कॅसेटींना मात्र पारखे होईल.

या उदाहरणातून ‘मूळ’ या शब्दाचे तीन भिन्न अर्थ स्पष्ट होतात. पहिला अर्थ द्रव्याचा, म्हणजे कारखान्यातून आलेले भाग. दुसरा मानकाचा, म्हणजे ज्या सामायिक नियमाने सर्व यंत्रे एकमेकांशी जुळतात तो नियम. तिसरा चरित्राचा, म्हणजे त्या विशिष्ट यंत्राचा, त्याच्या दोषांसह, त्याच्या फितींशी असलेला संबंध. संग्राहक पहिल्या अर्थाला प्रमाण मानतो, तर कुशल कारागीर दुसऱ्याला. तिसरा अर्थ बहुतेक वेळा कोणाच्याच ध्यानात येत नाही, आणि एखाद्या कुटुंबाच्या दृष्टीने नेमका तोच मोलाचा असतो. दोष हाच येथे किल्लीसारखा असतो; तो पुसून टाकला की ते कुलूप उघडणे अवघड होते.

यावरील उपाय असाध्य नाही. जे यंत्र आपल्या कॅसेटींसह मिळते त्यावर, ते किमान सुरक्षित चालेल इतकीच दुरुस्ती करून, प्रथम त्या कॅसेटी वाचून घ्याव्यात आणि नंतरच ते मानकाला आणावे. रूळ हलविण्यापूर्वी त्याच्या स्थानावर खूण करावी, किती फेरे दिले याची नोंद ठेवावी, बदललेला प्रत्येक भाग लिहून ठेवावा. अशी नोंदवही असेल तर दुरुस्ती साक्ष पुसत नाही. उलट यंत्राच्या चरित्रात एक वाचनीय प्रकरण जोडते. परंतु संग्राहकांच्या व्यवहारात कॅसेटींपासून विलग केलेले यंत्र हाच नियम आहे. विक्रीपूर्वी जुन्या कॅसेटी ‘निरुपयोगी’ म्हणून टाकून दिल्या जातात आणि त्याच क्षणी यंत्राच्या चरित्राचा अर्धा पुरावा नष्ट होतो.

मर्यादित साठा आणि त्याची नीती

दुरुस्तीसाठी लागणारे भाग दोन वर्गांत मोडतात. पट्टे, रबरी चाके, कपॅसिटर, काही गिअर हे आजही नव्याने बनविता येतात. हेडचे मात्र तसे नाही. त्याच्या टोकावरील फट एका मायक्रॉनहूनही कितीतरी बारीक असते; घरगुती कार्यशाळेत ती घडविणे शक्य नाही. म्हणून एका यंत्राचे हेड झिजले की दुसऱ्या यंत्राचा बळी द्यावा लागतो. प्रत्येक वेळी कॅसेट वाजविली की उरलेल्या आयुष्यातील तेवढे तास खर्च होतात. जगातील सर्व हेड्सच्या उरलेल्या तासांची बेरीज ही एक सामायिक आणि आटत जाणारी ठेव आहे, असे मानणे वावगे होणार नाही.

या ठेवीच्या निकषावर पाहता टीका केवळ संग्राहकावर थांबत नाही. खोकेबंद यंत्र कुलपात ठेवणारा तासांची साठेबाजी करतो, हे खरे. तथापि दुरुस्त केलेल्या यंत्रावर, चकतीवर सहज उपलब्ध असलेला चित्रपट केवळ जुन्या काळाची हुरहूर अनुभवण्यासाठी पुन्हा पुन्हा पाहणारा त्या तासांची उधळपट्टी करतो. जी नोंद अन्यत्र कोठेही नाही, तिच्यासाठी ते तास प्रथम राखले जाणे न्याय्य ठरते.

अशा नोंदींचे मोल काय असू शकते, हे अमेरिकेतील मॅरियन स्टोक्स यांच्या कार्यावरून दिसते. फिलाडेल्फियातील या ग्रंथपाल महिलेने सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून २०१२ मधील आपल्या मृत्यूपर्यंत दूरचित्रवाणीवरील बातम्या घरी अहोरात्र नोंदविल्या. सुमारे ७०,००० कॅसेटींचा हा संग्रह पुढे इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेकडे सोपविण्यात आला आणि २०१९ मध्ये मॅट वुल्फ यांनी त्यावर माहितीपट काढला. यातील विसंगती लक्षणीय आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी सोनीच्या बाजूने निर्णय दिला, तेव्हा न्यायालयासमोर प्रामुख्याने कार्यक्रम नोंदवून नंतर सोयीने पाहण्याचा तात्पुरता वापर होता. इतिहासाला मात्र उपयोगी पडली ती न पुसलेली नोंद. जे क्षणिक वापरासाठी मान्य झाले, त्याचे मोल कायम ठेवल्याने वाढले.

सर्व कॅसेटींचे एकदा अंकीय रूपांतर केले की यंत्राची गरज उरणार नाही, असा एक युक्तिवाद केला जातो. तो अर्धसत्य आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी अभिलेखागाराने २०१५ मध्ये चुंबकीय फितींच्या बचावासाठी २०२५ ही मुदत सुचविली होती. युनेस्को आणि ध्वनी-दृश्य अभिलेखागारांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ मध्ये याच धोक्याकडे लक्ष वेधले. ती मुदत आता उलटून गेली आहे. एका विशिष्ट दिवशी सर्व फिती मेल्या नाहीत. पण त्या वाचणारी यंत्रे, भाग आणि माणसे दरवर्षी घटत आहेत, हा इशारा खरा ठरला आहे. अलीकडे हेडकडून येणारा कच्चा संकेत थेट संगणकात उतरवून पुढील सर्व प्रक्रिया आज्ञावलीने करण्याची पद्धत विकसित झाली असून तिचे परिणाम अनेकदा जुन्या यंत्राच्या स्वतःच्या चित्राहून सरस असतात. तरीही फीत ड्रमवरून फिरविण्याचे काम तिलाही जुन्या व्हीसीआरकडूनच करून घ्यावे लागते. सर्वांत आधुनिक पद्धतसुद्धा अखेर एका रबरी पट्ट्यावर अवलंबून आहे.

समारोप

व्हीसीआरच्या संग्रहाची कसोटी त्यातील यंत्रे किती अस्पर्श आहेत यावर न लावता, ती परक्याची कॅसेट वाचू शकतात का, यावर लावावयास हवी, असा या विवेचनाचा निष्कर्ष आहे. हे यंत्र सुरुवातीपासून दुसऱ्याची नोंद वाचण्यासाठी घडले. मानक नावाची गोष्ट त्याच कारणाने अस्तित्वात आली. म्हणून दुरुस्ती हा मूळपणावरील आघात ठरत नाही. ती नोंद ठेवून, परत फिरता येईल अशा रीतीने आणि यंत्राच्या घरच्या फितींचा मान राखून केली, तर मूळपणाची जपणूक तिच्यातच होते. चाकोरीबाहेरचे, दुर्मीळ यंत्र जपणाऱ्याने शेजारी एक साधे, चालते व्हीएचएस यंत्रही ठेवावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट अभिलेखागार आहे आणि चित्रपटांच्या जतनाची जाण महाराष्ट्रात त्यामुळे रुजलेली आहे. घरगुती फितींकडे मात्र तशा संस्थात्मक दृष्टीने फारसे पाहिले गेलेले नाही. त्या वाचण्याचे काम आजवर छंद म्हणून यंत्रे सांभाळणाऱ्यांनी आणि गल्लीतील दुरुस्तीच्या दुकानांनीच केले. महाविद्यालयांतील भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, इतिहास आणि मराठी या विभागांना एकत्र येऊन करता येण्याजोगा हा उपक्रम आहे. एक चालते यंत्र, एक नोंदवही आणि परिसरातील घरांतून आलेल्या कॅसेटी एवढ्या साधनांवर त्याचा आरंभ होऊ शकतो. कपाटातील एखाद्या कॅसेटमध्ये आजी नातवाला हाक मारते आहे. ती हाक ऐकू येण्यासाठी कोणाच्या तरी टेबलावरील ड्रम मिनिटाला १,५०० फेरे घेत राहणे आवश्यक आहे.